रोन्याची उडी

शाळेच्या पारितोषिक वितरणासाठी पुस्तकांची यादी करण्याचे काम ज्या शिक्षकांच्या वाट्याला आले आहे, त्यांना एक अडचण नक्कीच जाणवली असेल. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी साहसकथा चटकन हाती लागते. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने सायकलवर टांग टाकून वाटेल तिकडे निघावे आणि वाचकाला त्यात काही वावगे वाटू नये, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. त्याच वयाच्या मुलीसाठी मात्र हात थोर स्त्रियांच्या चरित्रांकडे वळतो. ती चरित्रे वंदनीयच आहेत. पण त्यांतील शौर्यावर इतिहासाने केव्हाच शिक्कामोर्तब केलेले असते. बारा वर्षांच्या मुलीचे शौर्य तिच्या स्वतःच्या घरात अद्याप मान्य व्हावयाचे असते, आणि ते मान्य होणे किती कठीण, हे घरोघरच्या मुलींना ठाऊक आहे.

या संदर्भात आस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेच्या ‘रोन्या’ या कादंबरीचे स्मरण होते. लिंडग्रेनबाईंनी ती 1981 साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर लिहिली. ज्या रात्री रोन्या जन्मते, त्याच रात्री वीज कोसळून तिच्या बापाचा किल्ला मधोमध दुभंगतो. बाप मात्तिस हा दरोडेखोरांचा नायक आहे. किल्ल्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात पुढे त्याचा हाडवैरी बोर्का आपली टोळी घेऊन ठाण मांडतो. भोवतालच्या अरण्यात ठेंगू करडे भुतावळे आणि माणसाच्या मुखाच्या क्रूर पक्षिणी वावरतात. एवढे वाचून, ‘म्हणजे भुताखेतांच्याच गोष्टी!’ असे म्हणून पुस्तक मिटणारे गृहस्थ आपल्याकडे पुष्कळ निघतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

मुलगी प्रथमच एकटी रानात निघते तेव्हा बाप तिला बजावतो : वाट चुकू नकोस, नदीत पडू नकोस, किल्ल्याच्या भेगेत कोसळू नकोस. कोणत्याही बापाने म्हणावे असेच हे आहे. रोन्या ते सारे मनापासून ऐकते. आणि पडू नये हे शिकावयाचे तर जेथे पडण्याचे भय आहे तेथेच सराव केला पाहिजे, असे ठरवून थेट नदीकाठच्या निसरड्या दगडांवर जाऊन उड्या मारू लागते! मुलांसाठी लिहिलेल्या वाङ्मयात धैर्याविषयी इतके शहाणपणाचे पान मी क्वचितच वाचले आहे. धैर्य हे येथे देवाचे देणे नाही. पाढ्यांसारखे ते घोटावे लागते. आपण मात्र मुलीला भयाची यादी तेवढी पाठ करून घेतो आणि सरावाच्या वेळी दाराला कडी लावतो.

कादंबरीतील खरी कसोटी मात्र पुढेच आहे. बोर्काचा मुलगा बिर्क रोन्याचा जिवलग मित्र होतो. मात्तिस त्याला पकडून बांधून ठेवतो. तेव्हा रोन्या ती भयंकर भेग ओलांडून वैऱ्याच्या बाजूला उडी घेते आणि आपणहून ओलीस होते. तिच्या हाती तलवार नाही. बापावर तिचे निरतिशय प्रेम आहे, त्याचा द्वेष ती क्षणभरही करीत नाही. तरीही त्याचा अन्याय तिला मान्य नाही. राक्षसाला मारणारी नायिका रंगविणे सोपे असते. ज्याच्या मांडीवर आपण वाढलो त्याला ‘नाही’ म्हणणारी नायिका उभी करावयास मोठी लेखणी लागते. बाप तिला आपले मूल मानीत नाही. पुढे ती आणि बिर्क गुहेत राहू लागतात, आणि हरवलेल्या एका सुरीवरून कडाडून भांडतातही. हे भांडण मला सर्वांत खरे वाटले.

कादंबरीत उणे नाही असे नव्हे. मुलांनी दरोडेखोरी सोडावी म्हणून म्हाताऱ्या स्काल्ले-पेरने चांदीच्या गुप्त खाणीचा ठावठिकाणा सांगावा, ही सोय जरा हाताशी ठेवल्यासारखी वाटते. पोट भरावयाचे साधन इतक्या सहजी सापडत नसते, हे कारकुनी करणाऱ्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

घर सोडून जाणारी मुलगी मुलांपुढे ठेवावी काय, असा आक्षेप पालक घेतील. लिंडग्रेनबाईंनी 1978 साली जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार स्वीकारताना मुलांना मारहाण करण्याविरुद्ध भाषण केले होते. दुसऱ्याच वर्षी स्वीडनने मुलांना मारण्यास कायद्याने बंदी घातली, आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. घर मोडावे असे या बाईंना कधीच वाटले नाही. रोन्याची आई लोविस मुलीला भेटावयास गुहेपर्यंत जाते. उशिरा का होईना, बापही रानात येतो. शब्द त्यानेच मागे घ्यावयाचा असतो, आणि तो घेतो.