विहीर एक, विद्याशाखा तीन

ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर बरकापासून शिनासपर्यंत समुद्राला लागून गेलेला बातिना हा त्या देशाचा सर्वांत मोठा शेतीपट्टा. खजूर, लिंबू, भाजीपाला आणि जनावरांचा चारा इथे पिकतो, तो मुख्यतः विहिरींच्या पाण्यावर. कारण वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. १९७० नंतर तेलाच्या पैशाबरोबर डिझेलचे आणि पुढे विजेचे पंप आले, लागवड वाढली आणि डोंगरातून झिरपत येणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त होऊ लागला. किनाऱ्यावर याची किंमत दुप्पट मोजावी लागते. जमिनीखालच्या गोड्या पाण्याचा दाब समुद्राला थोपवून धरतो. तो उतरला की खारे पाणी आत सरकते, आणि एकदा खारावलेली विहीर एखाद्या चांगल्या पावसाने पुन्हा गोडी होत नाही. समुद्राजवळच्या कित्येक बागा अशा मेल्या. आता हा प्रश्न अभियांत्रिकीचा की अर्थशास्त्राचा की संगणकशास्त्राचा? विद्यापीठांतल्या संशोधनाची आजची विभागणी हा प्रश्न तीन टेबलांवर वाटून टाकते, आणि म्हणूनच तो सुटत नाही. प्रश्न मध्ये ठेवून तिन्ही विद्याशाखा पहिल्या दिवसापासून त्याभोवती बसल्या, तरच अशा संशोधनाला अर्थ येतो. बातिनाचा अनुभव हेच सांगतो, आणि महाराष्ट्राने तो लक्षपूर्वक पाहायला हवा.

एकेकट्या विद्येने काय साधले, ते आधी पाहू. अभियंत्यांनी पुनर्भरणाचे बंधारे बांधले. वाडीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रातून, समुद्राकडे धावणारा पूर अडवायचा, गाळ बसू द्यायचा आणि निवळलेले पाणी हळूहळू खाली सोडून जमिनीत मुरवायचे, ही त्यांची रीत. अल खौदचा असा बंधारा १९८५ मध्ये पूर्ण झाला. ते काम मोलाचेच आहे. पण मुरलेले पाणी खालच्या अंगाला दुप्पट वेगाने उपसले जात असेल, तर बंधारा फक्त वेळ मिळवून देतो. समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रकल्प ओमानच्या शहरांची तहान भागवतात. मस्कतजवळचा घुब्रा प्रकल्प १९७६ मध्ये सुरू झाला. मात्र त्या पाण्यावर चारा पिकवणे कोणत्याच शेतकऱ्याला परवडणारे नाही. अर्थतज्ज्ञ सांगतो की पाण्याला किंमत नाही आणि वीज स्वस्त आहे, तेव्हा आज मी थांबलो तर शेजारी उपसेल या भीतीने प्रत्येक जण उपसतच राहणार. हे निदान अचूक आहे. पण कोणी किती उपसले हेच मोजता येत नसेल, तर कोटा ठरवून उपयोग काय? आणि संगणकतज्ज्ञ मोजण्याचे यंत्र देऊ शकतो, पण ते शेतकऱ्याने का बसवून घ्यावे, याचे उत्तर त्याच्या शास्त्रात नाही.

अल खौद भागातच सुलतान काबूस विद्यापीठ आहे. १९८६ मध्ये तिथे पहिले विद्यार्थी आले. या विद्यापीठाच्या कृषी व सागरी विज्ञान महाविद्यालयात नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्राचा विभाग आहे, आणि त्याच छपराखाली मृदा, जल व कृषी अभियांत्रिकीचाही. तिथले अर्थशास्त्रज्ञ स्लिम झेक्री यांनी २००८ मध्ये बातिनातील खाऱ्या पाण्याचे आक्रमण आर्थिक उपाय आणि निर्बंध यांनी कसे रोखता येईल, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी पुढच्या टप्प्यावर आले. भूजलाच्या हालचालीचे संगणकीय प्रारूप आणि शेतीच्या उत्पन्नाचे गणित एकत्र जोडून, विहिरींवर स्मार्ट मीटर बसवणे व्यवहार्य आहे का, हे त्यांनी तपासले. या दोन अभ्यासांमधले अंतर मला महत्त्वाचे वाटते. पहिल्यात धोरणाचा प्रश्न आहे. दुसऱ्यात तो प्रश्न मोजमापापर्यंत, यंत्राच्या खर्चापर्यंत आणि जमिनीखालच्या पाण्याच्या वागणुकीपर्यंत नेला आहे. एका विषयाचे पदवीधर कितीही हुशार असले, तरी ही वाट त्यांना एकट्याने चालता आली नसती.

ही जोडणी आधुनिक विद्यापीठाचा शोध आहे असेही नाही. ओमानच्या डोंगराळ गावांत शेकडो वर्षे चाललेले अफलाज, म्हणजे भूमिगत किंवा उघड्या पाटांनी गुरुत्वाकर्षणावर पाणी आणणारे कालवे, हेच सांगतात. त्यांपैकी पाच २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. निझवा गावचा फलाज दारिस त्यांतला एक (‘फलाज’ हे अफलाजचे एकवचन). उतार इतका नेमका राखायचा की पाणी वाहील पण पाट खरवडणार नाही, ही झाली अभियांत्रिकी. पाण्याचे वाटप वेळेच्या हिशेबाने, अर्ध्या तासाच्या आसपासच्या ‘अथर’ या एककात. दिवसा सूर्यघडीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजलेले, ही झाली गणना. काही वाटे लिलावाने द्यायचे आणि आलेल्या पैशातून पाटाची दुरुस्ती करायची, हे झाले अर्थशास्त्र. यातील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की मोजमाप उघड्यावर होते. सूर्यघडी सगळ्यांना दिसते; कोणाची पाळी केव्हा संपली हे शेजाऱ्यालाही कळते. आपल्याकडे धुळे-नाशिक भागातली फड पद्धत याच जातीची. बंधाऱ्याचे पाणी, फडावर, म्हणजे शेतांच्या एका गटावर, ठरलेले एकच पीक आणि पाळी सांभाळणारा पाटकरी, या तिन्हींचा मेळ तिने कित्येक पिढ्या टिकवला. निझव्याच्या विद्यापीठात आज अफलाजच्या अभ्यासासाठी युनेस्कोचे अध्यासन आहे. फडाला तेवढाच विद्यापीठीय मान मिळायला हवा.

महाराष्ट्राला हे सगळे का सांगायचे? कारण पंपाने जे बातिनात केले, तेच आपल्या पठारावर विंधन विहिरींनी केले आहे. फक्त खाली समुद्राऐवजी कोरडा काळा पाषाण आहे. राज्याने भूजलाचा कायदा २००९ मध्ये केला, तो २०१४ मध्ये अमलात आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून पातळ्या मोजते आहे. आणि २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याच्या हाती पैसा उरावा हा हेतू समजण्यासारखा आहे. पण बटण दाबण्याचा खर्च शून्यावर आला की भूजलाचे काय होते, हा प्रश्न एकाच वेळी अर्थशास्त्राचा, अभियांत्रिकीचा आणि माहितीशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याची परंपराही आपल्याकडे आहे. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा एक अर्थतज्ज्ञ अभियंत्याच्या कालव्यावर उतरला होता. अलीकडे मुंबई आयआयटीतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावपातळीवरच्या पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत उभी केली. असे काम होऊ शकते, हे यावरून दिसते. ते अपवाद म्हणून राहिले, हे दुखणे आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो मूलभूत संशोधनाच्या बाजूने. प्रत्येक अभ्यासकाला स्थानिक प्रश्नाला जुंपले, तर विषयांची खोली हरवेल, अशी भीती खरी आहे. वरवरचे ‘आंतरविद्याशाखीय’ प्रकल्प पुष्कळ निघतात. पण खोली आणि प्रश्न यांचे वैर नाही. भूजलाच्या प्रत्येक प्रारूपाच्या मुळाशी असलेला डार्सीचा नियम १८५६ मध्ये मांडला गेला, तो फ्रान्समधील दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या अभियंत्याने, वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते हे मोजताना. गावाच्या पाण्याच्या प्रश्नातूनच मूलभूत नियम निघाला. माझे मागणे इतकेच, की आपल्या विषयात पक्क्या असलेल्या माणसांना एकत्र बसायला जागा, वेळ आणि श्रेय मिळावे. प्रत्येकाने अर्धवट तीन विषय शिकावेत, असे मी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ओमान कमी लोकसंख्येचा, तेलाच्या उत्पन्नावर चालणारा, सुलतानाच्या आदेशाने निर्णय होणारा देश. तिथले मीटर इथल्या लाखो विहिरींना कसे लागू पडणार? शिवाय मीटर म्हणजे शेतकऱ्यावर पाळत, अशी शंकाही रास्त आहे. मात्र आदेश काढून उपसा थांबत असता, तर ज्या देशात आदेश काढणे सोपे आहे तिथे बातिना खारावलाच नसता. तिथेही प्रश्न लोकांच्या संमतीपाशीच येऊन थांबतो. आणि आपल्याला प्रत्येक विहिरीवर मीटर लावण्याची गरजही नाही. महावितरणच्या शेती फीडरवरचा वीजवापर, भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आणि गावाची पीकपाहणी एकत्र केली, तर गावाच्या एकूण उपशाचा पुरेसा अचूक अंदाज बांधता येईल. कोण्या एका शेतकऱ्याचे नाव न घेता तो आकडा ग्रामसभेसमोर मांडता येईल. हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिके ठरवली, तेव्हा मोजमाप पाळत ठरले नाही, कारण ते सगळ्यांचे होते. म्हणूनच समाजाची समज असलेला अभ्यासक यंत्र बसल्यावर बोलावून चालत नाही. यंत्र कोणते हवे, हे ठरतानाच तो हजर असावा लागतो.

खरा अडथळा पैशाचा कमी आणि मूल्यमापनाचा जास्त आहे. प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या मोजणीला बांधली गेली, तेव्हा निबंधांचा बाजार उभा राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाला मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. ज्या व्यवस्थेत दोन विभागांनी मिळून पाच वर्षे एका तालुक्याच्या भूजलावर खपणे हे घाट्याचे ठरते, तिथे ते कोणी का करावे? म्हणून राज्यातील प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आपल्या क्षेत्रातला पाण्याचा एक प्रश्न दहा वर्षांसाठी स्वीकारावा. त्यावर पीएच.डी. करणाऱ्याला दोन विद्याशाखांचे मार्गदर्शक असावेत आणि दोघांना पूर्ण श्रेय मिळावे. महावितरण आणि भूजल यंत्रणेने आपली माहिती या संशोधकांना खुली करावी, आणि संशोधकांनी निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेपुढे मांडावेत. तो मांडलेला निष्कर्ष बढतीच्या वेळी शोधनिबंधाइतकाच धरला जावा. यासाठी नवे विद्यापीठ, नवी इमारत किंवा नवा कायदा लागत नाही. कुलगुरूंची आणि उच्च शिक्षण विभागाची इच्छा लागते. भूजल वर्षागणिक खाली जात असताना ती इच्छा दाखवायला उशीर करणे, हे आता विद्यापीठांना शोभणारे नाही.