कासुकाबेला जा, पण भोसरी कोण काढणार?

शिनचॅनचं कासुकाबे खरंखुरं शहर आहे. टोकियोच्या उत्तरेला, सायतामा प्रांतात. २००४ साली तिथल्या पालिकेने नोहारा कुटुंबाला चक्क शहराचे खास रहिवासी करून घेतलं. तिथे जायला पैसे साठवणाऱ्या भोसरीच्या पोरांना ‘कार्टून बघायला जपान?’ म्हणून हसणाऱ्यांचं मला काही कळत नाही. पंढरीला जाणाऱ्याला कोणी हसतं का?

पण तिथे दिसतं काय? स्टेशन, शाळा, दुकानं, टोकियोला कामाला जाणारी माणसं. हिरोशीसारखी, घराचे हप्ते फेडणारी. म्हणजे जवळपास भोसरीच!

राग जपानवर नाही, आपल्या कार्टूनवाल्यांवर आहे. २००८ पासून छोटा भीम लाडू खातोय, तो ढोलकपुरात. मोटू-पतलू फुरफुरीनगरात. दोन्ही गावं नकाशावर शोधून दाखवा. ‘मुलांच्या गोष्टीला खरं गाव कशाला?’ हे उत्तर मला पटत नाही. शिनचॅनमध्येही अ‍ॅक्शन कामेन आहेच की. पण गल्ली खरी वाटते, म्हणून तो कामेनही खपतो.

ताकदवान पोराची गोष्ट सांगायचीय ना? भोसरी पैलवानांचं गाव आहे. तालमीतली लाल माती, पीएमटी चौकातली गर्दी, पहाटे शिफ्टच्या बसमागे धावणारा बाप, नाशिक रोडचा उड्डाणपूल. यातलं एक तरी काढा. आमची धाकटी भावंडं वीस वर्षांनी फोन घेऊन कुठल्या गल्लीत फोटो काढायला जाणार, ढोलकपूरच्या?