पर्यटकाच्या ताटातील मीठ : जिभेला जाणवते, नियमांना दिसत नाही

नवी दिल्ली : सुटीवरून परतलेल्या कुटुंबांच्या गप्पांत स्थळे, गर्दी आणि हॉटेलांचे वाढलेले दर यांच्या पाठोपाठ एक तक्रार हमखास येते. ‘जेवण चांगले होते, पण खारट होते.’ ही तक्रार तेथेच विरते. उपाहारगृहाच्या मालकापर्यंत ती क्वचितच पोहोचते आणि धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत तर जवळजवळ नाहीच. मात्र देशात उच्च रक्तदाबाचे प्रमाण ज्या पातळीवर आहे, ती लक्षात घेता ही केवळ आवडीनिवडीची बाब राहिलेली नाही.

प्रस्तुत वार्ताहराला तिचा प्रत्यय दिवाळीच्या सुटीत राजस्थानात आला. सोबत पुण्याहून आलेले आई-वडील होते. वडील सत्तरीचे, अनेक वर्षांपासून रक्तदाबाची गोळी घेणारे. त्यामुळे घरच्या स्वयंपाकात मीठ बेताचेच. जयपूरला पहिल्या रात्री सर्वांनी कौतुकाने जेवण केले. दुसऱ्या दिवशी दुपारी पापडाची भाजी पुढे आली तेव्हा वडिलांनी आईला विचारले, ‘अगं, घरी तू मीठ घालायला विसरतेस, की हे लोक दोनदा घालतात?’ उदयपूरला पोहोचेपर्यंत पाण्याच्या बाटल्यांचा हिशेब राहिला नव्हता. चौथ्या दिवशी वडिलांच्या घोट्यांवर सूज होती आणि औषधाच्या दुकानात मोजलेला रक्तदाब नेहमीपेक्षा बराच वर गेला होता. मोटारीत तासन् तास पाय लोंबकळत ठेवून बसल्यानेही सूज येते, हे खरे. त्यामुळे सारा दोष मिठावर टाकता येणार नाही. पण त्या चार दिवसांत त्यांच्या पोटात किती मीठ गेले, हे जाणून घेण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापुढे नव्हता, आणि प्रश्न तेथेच सुरू होतो.

हा खारटपणा सुटीतच का जाणवतो? मिठाची आवड हा मोठ्या प्रमाणात सवयीचा भाग आहे. काही आठवडे कमी मीठ खाणाऱ्याला पूर्वीची चव खारट लागू लागते. उलट दिशेनेही तेच घडते. महिन्यातून एकदा बाहेर जेवणाऱ्याला तो जादा खारटपणा चमचमीतपणा वाटतो. सलग सहा दिवस न्याहारी, दुपारचे आणि रात्रीचे जेवण बाहेर घ्यावे लागले की मात्र तुलना अटळ होते. सुटीवर गेलेल्या माणसाची जीभ हे एक प्रकारे मोजमापाचे साधनच असते, आणि तूर्त तरी ग्राहकाच्या हाती दुसरे साधन नाही.

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराची रचना पाहिली की कारणे उलगडतात. घरी भाजीत मीठ एकदाच पडते. व्यावसायिक स्वयंपाकघरात एकाच पदार्थात ते अनेक टप्प्यांवर आणि अनेक हातांनी पडते. कांदा-टोमॅटोची किंवा मखनी ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात मीठ घालून तयार होते. पनीर किंवा कोंबडीला लावलेल्या मसाल्यात मीठ असते. वरून घातले जाणारे लोणी बहुधा खारवलेलेच असते. मागणी आल्यावर आचारी ग्रेव्हीचा पळा कढईत घेतो, मोठ्या आचेवर परततो आणि सवयीने चिमूटभर मीठ भुरभुरतो. सकाळची ग्रेव्ही रात्रीपर्यंत आटत जाते. पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणूनच तीच भाजी दुपारपेक्षा रात्री अधिक खारट लागू शकते. चिनी पद्धतीच्या पदार्थांत सोया सॉस आणि मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजे बोलीभाषेतील अजिनोमोटो यांची भर पडते. त्या अजिनोमोटोची मात्र जरा जास्तच बदनामी झाली आहे. त्यातील सोडियमचे प्रमाण सुमारे १२ टक्के, तर साध्या मिठात ते जवळपास ३९ टक्के असते. चाट मसाल्यातील पादेलोण किंवा उपवासाचे सैंधव आरोग्यदायी असल्याचा समजही निराधार आहे, कारण दोन्ही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहेत.

शिवाय मीठ केवळ खारटपणा देत नाही. ते कडवटपणा झाकते, गोडवा आणि मसाल्याची चव खुलवते आणि निस्तेज झालेल्या रश्श्यात जीव आणते. एवढे काम इतक्या स्वस्तात करणारा दुसरा जिन्नस स्वयंपाकघरात नाही. ग्राहकाने जास्त पेये मागवावीत म्हणून हॉटेलवाले मुद्दाम खारट करतात, असा एक लोकप्रिय संशय आहे. तो सर्वस्वी खोटा असेल असे नाही, पण साधे स्पष्टीकरण अधिक पटते. जेवण अळणी झाले तर ग्राहक ताट परत पाठवतो. खारट झाले तर तो पाणी पितो आणि गप्प बसतो. आचाऱ्यापर्यंत एकाच बाजूची तक्रार पोहोचत असेल, तर त्याचा हात कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे. भट्टीच्या धगीत दिवसभर घाम गाळत, सतत मसाले चाखत काम करणाऱ्या त्या आचाऱ्याची जीभही एव्हाना चढ्या चवीला सरावलेली असते.

आपल्याकडे पारंपरिक पान वाढताना पहिला मान मिठाचा असे. लिंबू-चटणीच्या बाजूला चिमूटभर मीठ वाढले जाई आणि कमी-जास्त करण्याचा निर्णय जेवणाऱ्याचा राही. उपाहारगृहात हा निर्णय ताटातून उठून स्वयंपाकघरात गेला. पदार्थात मीठ घालता येते, काढता येत नाही.

हिशेब केला तर आकडे लहान दिसतात, पण परिणाम तसे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे, म्हणजे साधारण एक छोटा चमचा. त्यात सुमारे २००० मिलिग्रॅम सोडियम असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही ५ ग्रॅमचीच मर्यादा आहे. प्रत्यक्षात २०१७-१८ च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग पाहणीनुसार भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला सुमारे ८ ग्रॅम होते. आता उपाहारगृहातील ३०० ग्रॅमची एक वाटी भाजी घ्या. तिच्यात वजनाच्या एक टक्का मीठ असले तरी ३ ग्रॅम झाले. प्रमाण दीड टक्क्यावर गेले तर साडेचार ग्रॅम, म्हणजे दिवसभराचा वाटा एका वाटीतच संपतो. पापड, लोणचे, मसाला ताक आणि सकाळचे सांबार यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

निरोगी माणसाचे मूत्रपिंड हा भार काही दिवसांत निस्तरते. परंतु हे सर्वांना लागू नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासात प्रौढांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आढळले. म्हणजे पर्यटकांच्या बसमधील साधारण दर तिसऱ्या प्रौढासाठी तो ‘थोडासा खारट’ रस्सा औषधाच्या विरोधात काम करीत असतो. हृदयाची क्षमता घटलेल्या किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाच्या शरीरात मीठ पाणी धरून ठेवते आणि सुटीचा शेवट रुग्णालयात होऊ शकतो.

यावर नियम काय म्हणतात? वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर सोडियमचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. बारीक अक्षरांत का होईना, बिस्किटाच्या पुड्यावर आकडा सापडतो. साखर, मीठ आणि संपृक्त मेदाची माहिती ठळक व मोठ्या अक्षरांत देण्याच्या प्रस्तावाला भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने म्हणजेच एफएसएसएआयने जुलै २०२४ मध्ये मंजुरी दिली होती. वेष्टनाच्या दर्शनी भागावरील इशाऱ्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मात्र ही सारी चर्चा पुड्याभोवती फिरते. उपाहारगृहांसाठी २०२० च्या नियमावलीत तरतूद आहे आणि ती १ जुलै २०२२ पासून अमलात आली. पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या व्यवसायांपुरती आहे आणि पदार्थांच्या यादीवर छापायची ती उष्मांकांची माहिती, सोडियमची नव्हे. पर्यटनस्थळावरील एकट्या हॉटेलला, महामार्गावरील ढाब्याला किंवा घरगुती खानावळीला तीही लागू नाही.

दृष्टिकोनातील ही उणीव इतरत्रही दिसते. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेच्या प्रमाणाचे फलक लावण्यास सांगितले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांत तेल आणि साखर यांची माहिती देणारे फलक सुचविले. पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. या यादीत मीठ मागे पडले. तेल ताटात तरंगताना दिसते, साखर गोड लागते. मीठ मात्र विरघळून अदृश्य होते आणि कदाचित धोरणातही त्याचे तेच झाले असावे.

एक कारण असेही आहे की भारतातील मिठाचा मोठा वाटा आजवर घरच्या स्वयंपाकातून येत आला. अमेरिकेत सुमारे ७० टक्के सोडियम तयार आणि उपाहारगृहातील अन्नातून येते. आपल्याकडे चित्र वेगळे असल्याने जनजागृतीचा रोखही गृहिणीकडेच राहिला. परंतु हे चित्र बदलत आहे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चातील ११.०९ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांच्या खर्चातील ९.८४ टक्के वाटा पेये, अल्पोपाहार व प्रक्रियायुक्त अन्नाचा होता. खाद्यखर्चातील हा सर्वांत मोठा गट आहे. ‘घरी मीठ कमी करा’ हा सल्ला अशा कुटुंबाला अर्धाच पुरतो.

अन्य देशांनी निरनिराळे मार्ग चोखाळले. न्यूयॉर्क शहरात डिसेंबर २०१५ पासून मोठ्या साखळी उपाहारगृहांना २३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम असलेल्या पदार्थापुढे मीठदाणीचे चिन्ह छापावे लागते. उपाहारगृह उद्योगाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, पण नियम टिकला. ब्रिटनने २००६ पासून खाद्यउद्योगाला पदार्थनिहाय उद्दिष्टे दिली आणि मीठ हळूहळू, ग्राहकाच्या लक्षात न येईल अशा बेताने कमी करविले. तेथील सरासरी सेवन २००१ च्या सुमारास साडेनऊ ग्रॅम होते, ते २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आले. पुढे दबाव सैल झाल्यावर घसरण थांबली. भारताने २०२५ पर्यंत मिठाचे सरासरी सेवन ३० टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य स्वीकारले होते. ती मुदत उलटून गेली आहे.

कमी सोडियमच्या मिठाकडेही आशेने पाहिले जाते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, पण ती घरगुती वापरापुरती आणि मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांना वगळून. त्यात पोटॅशियम असल्याने समोर कोण जेवायला बसले आहे हे ठाऊक नसलेल्या हॉटेलसाठी हा पर्याय निर्धोक नाही.

लहान हॉटेलांना प्रयोगशाळेची तपासणी परवडणार नाही, हा व्यावसायिकांचा आक्षेप वाजवी आहे. तथापि, सकाळच्या ग्रेव्हीतील मीठ काट्यावर तोलून घालण्यास प्रयोगशाळा लागत नाही. अन्नव्यावसायिकांसाठी एफएसएसएआयचा ‘फोस्टॅक’ हा प्रशिक्षण कार्यक्रम आहे. पर्यटन मंत्रालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हॉटेल व्यवस्थापन संस्थांचे जाळे देशभर आहे. हात धुण्याच्या पद्धतीइतकाच मिठाच्या मापाला तेथे वेळ मिळाला तरी पुष्कळ होईल. ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये तीन आणि २०२२ मध्ये दोन टक्क्यांवर आणताना उद्योग बुडाला नाही, हेही विसरता येत नाही.

तोवर ग्राहकाकडे उरते ती विनंती. ‘मीठ कमी घाला’ असे सांगितले की वेटर मान डोलावतो. ताजी फोडणी दिलेली डाळ, तव्यावरची पोळी, साधे दही यांच्या बाबतीत ती विनंती पाळली जाऊ शकते. सकाळीच शिजलेल्या ग्रेव्हीपुढे आचारीही हतबल असतो, हे उदयपूरच्या एका स्वयंपाक्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि वडिलांसाठी वेगळी मुगाची डाळ करून दिली. तिचे पैसे मात्र त्याने नेहमीच्या डाळीपेक्षा जास्त लावले.

सातव्या दिवशी दिल्लीत घरी आईने नेहमीचे वरण-भात केले. वडिलांनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबले आणि मीठ मागितले.