विषय आमची बाई, पदवी दुसऱ्यांना!

गरीब देशांची आरोग्यव्यवस्था कशी चालवावी याचे पदव्युत्तर शिक्षण बाल्टिमोर, लंडनपासून मुंबईपर्यंत मिळते. भाषा इंग्रजी, परदेशात फी लाखांनी. आणि अभ्यासाचा विषय कोण? पाथरीसारख्या तालुक्यातली बाई. वर्गात मात्र तिला जागा नाही.

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे; शिक्षणाला नावे ठेवायची नाहीत. मेबल आणि रजनीकांत आरोळे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून १९७० मध्ये जामखेडला आले. पण काम उभे राहिले ते गावच्या निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्यावर. राणी बंगही त्याच विद्यापीठात शिकल्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. १९८९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तोवर सरकारी कार्यक्रमांत स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन! हे ज्ञान गावच्या बायका बोलत्या झाल्या म्हणून मिळाले.

आता शेजारचे बीड पाहा. २०१९ मध्ये शासकीय समितीच्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीत खाडा झाला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा, अंगावरून पांढरे जाते म्हटले की कॅन्सरची भीती घालणारा खाजगी दवाखाना. गोदाकाठच्या आमच्या पाथरीतूनही कोयते निघतात. ही साखळी सगळ्यात आधी कुणाला दिसते? दारोदार फिरणाऱ्या आशाताईला. तिला मात्र शासन २००५ पासून ‘स्वयंसेविका’ म्हणते, मोबदल्यावर राबवते. तिचा वर्षानुवर्षांचा अनुभव पदवीच्या दारात शून्य!

मैत्रिणींनो, आरोग्य हक्काच्या मागण्यांत यापुढे शिक्षणाची मागणीही घालू या.

आशा आणि नर्सताईंचा अनुभव प्रवेशासाठी धरा. पदवी नसेल तिच्यासाठी मराठीतून टप्प्याटप्प्याने वर नेणारे शिक्षण काढा. विद्यार्थ्यांना दोन आठवड्यांच्या भेटीवर नको, निदान सहा महिने तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठेवा. आणि जो आमच्या बायकांची माहिती लिहून नेईल, त्याने निष्कर्ष आधी त्याच गावात येऊन मराठीत सांगावेत.

प्रश्नावलीत आमची बाई चालते, तर वर्गात का चालत नाही?