बीकरबाहेरचं पाणी

मेहरूणच्या बोरांचा सीझन आला की जळगावात गाड्यांवर बोरांचे ढीग लागतात. बोर खायचं आणि बी थुंकून द्यायची, एवढंच आपल्याला ठाऊक. पण १९१८ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, अमेरिकेत पीच, जर्दाळू, चेरी यांच्या अशाच टणक बिया लोकांनी पोती भरभरून जमवल्या होत्या. शाळेतली पोरंही त्यात होती. त्या बियांचा कोळसा करून सैनिकांच्या गॅस मास्कमध्ये भरत. विषारी वायू कोळशात अडकायचा आणि सैनिकाचा जीव वाचायचा.

हा कोळसा म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. तुमच्या घरच्या वॉटर फिल्टरमध्येही तो असतो. चुलीतल्या कोळशाहून तो वेगळा, कारण त्याला पुन्हा वाफेत किंवा रसायनात तापवून आत असंख्य बारीक छिद्रं पाडलेली असतात. इतकी, की एक ग्रॅम कार्बनच्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण हजार चौरस मीटर जागा व्यापतील. पाण्यातले रेणू या भिंतींना चिकटून बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात.

कोणते रेणू? तर सेंद्रिय. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला गूळ आणि भाजीपाला आठवतो. पण रसायनशास्त्रात कार्बनी रेणू तेवढे सेंद्रिय. कापडाचा रंग, कीटकनाशक, फिनॉल, आपण गिळलेल्या गोळ्यांचा शरीराबाहेर पडलेला अंश, हे सगळं त्यात आलं. मैला, उष्टं-खरकटं जिवाणू खाऊन टाकतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र त्यांच्याच जिवावर चालतं. पण रंग, औषधं, कीटकनाशकं यांतली बरीच जिवाणूंना पचत नाहीत. तिथे सच्छिद्र पदार्थांची गरज पडते.

या पदार्थांना २०२५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांनी धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून असे स्फटिक घडवले, की त्यांच्या आत खोल्याच खोल्या असतात. खोली केवढी हवी, तेही ठरवता येतं. यांतले काही स्फटिक पाण्यातली चिवट ‘पीएफएएस’ रसायनं पकडतात, तर काही अँटिबायोटिकचे रेणू तोडायला मदत करतात. यातले याघी जॉर्डनमध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरात वाढले. त्यामुळे मोठं संशोधन करायला सुखवस्तू घरातच जन्मावं लागतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता आपल्याकडे या. केळीचं खोड, केळीची साल, कपाशीच्या पऱ्हाट्या हा खानदेशातला फुकटचा माल. त्याचा कार्बन बनवून पाणी शुद्ध करण्याचे प्रोजेक्ट एम.एस्सी.पासून इंजिनिअरिंगपर्यंत पोरं करतात, ‘आविष्कार’च्या पोस्टरवर मांडतात. छानच आहे. पण असे बहुतेक प्रोजेक्ट कसे असतात? डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग घालायचा, त्यात कार्बन टाकून ढवळायचं, निळं पाणी पांढरं झालं की ‘९५ टक्के रिमूव्हल’ लिहायचं. व्हायवा झाला की रिपोर्ट कपाटात. कुणी साध्या माणसाने विचारलं, ‘मग काय भो, आपल्या नाल्याचं पाणी साफ होईल का यानं?’ तर उत्तर नसतं.

उत्तर नसतं, कारण नाल्यात नुसता निळा रंग नसतो. साबण असतो, क्षार असतात, कुजलेल्या पाल्याचे मोठाले रेणू असतात. ते छिद्रांची तोंडं आधीच अडवून बसतात. पुन्हा, छिद्र फार बारीक आणि रेणू मोठा असेल, तर हजार चौरस मीटरचा काही उपयोग नाही. दार लहान आणि कपाट मोठं, अशी गत.

आणि एक हिशेब करून पाहा. समजा बीकरमध्ये ५० मिलिलिटर पाण्याला ०.१ ग्रॅम कार्बन लागला. म्हणजे लिटरला २ ग्रॅम. तोच हिशेब रोजच्या १० लाख लिटर सांडपाण्याला लावला, तर रोज २ टन कार्बन हवा. कच्चा माल जाळून त्याचा तिसरा-चौथा हिस्साच कार्बन उरतो असं धरलं, तरी रोज ६ ते ८ टन सुका माल लागणार. केळीच्या खोडात ९० टक्क्यांवर पाणीच असतं, म्हणजे खोडं रोज किमान ६० टन! मग लक्षात येतं, की सगळा नाला कार्बनने गाळायचा नसतो. आधी जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं आणि शेवटी उरलेल्या हट्टी रेणूंसाठीच कार्बन वापरायचा. कदाचित खोडापेक्षा पऱ्हाटी परवडेल. हे बीकर सांगत नाही, हिशेब सांगतो.

शेवटचा प्रश्न तर कुणीच विचारत नाही: भरलेल्या कार्बनचं काय? घाण नाहीशी झालेली नसते, फक्त पाण्यातून कोळशात गेलेली असते. तो उकिरड्यावर फेकला तर एखाद्या पावसात ती परत बाहेर पडू शकते. साधारण ८०० अंशांना वाफेत तापवून तो पुन्हा वापरता येतो, पण त्यालाही इंधन आणि पैसा लागतो.

म्हणून दोस्तांनो, यंदाच्या प्रोजेक्टला एवढं कराच. हातमोजे घालून आपल्याच गावातल्या नाल्याचं पाणी आणा. आधीचा आणि नंतरचा सीओडी मोजा. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याला त्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. आपण तिच्या कुठे आहोत ते लिहा. तोच कार्बन पाच वेळा वापरून बघा. किलोला खर्च किती आला ते मांडा. आकडा ९५ वरून ४० वर आला तरी लपवू नका. तो ४० खरा असेल, आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथून पुढे जाता येईल. मार्गदर्शक सरांना-मॅडमना एकच विनंती: त्या ४० ला मार्क कापू नका.

एकेकाळी मेहरूण तलावाचं पाणी नळाने जळगाव शहरात यायचं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये तशी नोंद आहे. आज शहर वाघूर धरणाचं पाणी पितं आणि मेहरूणला आपण फिरायला, सेल्फी काढायला जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक रिकामी बाटलीही सोबत न्या. आणि बोरं खाल्लीत तर बिया फेकू नका. त्यांचा कार्बन कसा होतो, हे बघायला काय हरकत आहे?