नव्याने मांडणे

शाळेच्या पुस्तकात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो. रविवारी वंदनेनंतर आम्ही वाचतो त्या ग्रंथात कारण वेगळेच आहे. परळच्या एका मुलीने परवा सरळ विचारले, “म्हणजे बाबासाहेबांनी गोष्ट बदलली?”

बदलली नाही बाळ, नव्याने मांडली, असे आम्ही म्हणालो. पण तेवढ्याने तिचे समाधान होईना. हल्ली भाषणांत ‘पुनर्कल्पना करणे’ असे जड बोलतात. आपल्या घरात त्याला साधे क्रियापद आहे. चूल मांडतात, संसार मांडतात, गाऱ्हाणे मांडतात. चाळीच्या खोलीत भिंतीवर भांड्यांची मांडणी असते. घरात सून आली की आई एक दिवस सगळी भांडी खाली उतरवते. रोजचे पातेले हाताशी येते, मोठा हंडा माळ्यावर जातो, गळका डबा भंगारात. कोणते भांडे कशासाठी, याचा विचार पहिल्यापासून होतो. रंगाचा हात मारला म्हणजे मांडणी नवी होत नाही.

‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. प्रस्तावनेतच त्यांनी विचारले आहे, की २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नसेल हे बुद्धीला कसे पटावे? मग त्यांनी शाक्य आणि कोलीय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरचे भांडण पुढे घेतले. सिद्धार्थ संघात युद्धाला विरोध करतो, बहुमत त्याच्याविरुद्ध जाते, आणि तो परिव्रज्या पत्करतो. हे भांडण जुन्या पाली कथांत आहेच, फक्त तिथे ते बुद्धत्वानंतरचे आहे. धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाच्या संदर्भात त्याकडे बोट दाखवले होते. त्यांनी १९३७ साली आपल्या परळातच बहुजन विहार काढला, हे किती जणांना ठाऊक आहे?

म्हणजे भांडे घरातलेच, पण माळ्यावरचे हाताशी आले. काही पंडितांना हे रुचले नाही. आम्हांला मात्र फरक मोठा वाटतो. एक सिद्धार्थ म्हातारपण आणि मरण पाहून हादरतो. दुसरा पाण्यासाठी शेजाऱ्याचा गळा कापायला नकार देतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरणाऱ्यांना यांतला कोणता जवळचा?

मुलगी गप्प होती. तिची आजी कोपऱ्यातून म्हणाली, “पाण्याची भांडणं मला विचारा. चाळीच्या नळावर पहाटे चारला उभी राहिलेय मी.”

पुढच्या रविवारी वाचन आजीच करणार आहे.