नफा परक्यांचा, जोखीम जनतेची

मलकापूरहून आंबा घाट उतरला की रत्नागिरी जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, दाभोळ वीजप्रकल्पाने परकीय भांडवलाचा जो धडा शिकविला, तो राज्यकर्ते सोयीस्करपणे विसरले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दावोस येथे १५ लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेचे सामंजस्य करार झाल्याचा डंका पिटला गेला. रकमेचे आकडे झळकले. अटींची चर्चा कोठे झाली?

एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार १९९३ साली झाला. मोबदला डॉलरशी बांधलेला. म्हणजे रुपया घसरला की बोजा वाढणार. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरणे राज्य वीज मंडळास बंधनकारक. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी! पहिल्या टप्प्याची वीज १९९९ मध्ये मिळू लागली, ती मंडळास परवडेना आणि मे २००१ मध्ये खरेदी थांबली. त्याच डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे दिवाळे निघाले. अखेर २००५ मध्ये प्रकल्प सावरण्यासाठी एनटीपीसी व गेल या सार्वजनिक कंपन्यांनाच पुढे यावे लागले. भांडवलदार धोका पत्करतो म्हणून नफ्यास पात्र ठरतो, असे सांगितले जाते. येथे नफ्याची हमी कंपनीला होती आणि धोका मलकापुरातील भातगिरणीवाल्यापर्यंत प्रत्येक वीजग्राहकाच्या माथी होता.

स्वतंत्र आफ्रिकेलाही हाच अनुभव आला. घानाने स्वतःचा पैसा ओतून व परकी कर्ज काढून १९६५ मध्ये अकोसोंबो धरण पूर्ण केले. सुमारे ८० हजार माणसे विस्थापित झाली. स्वस्त वीज मात्र अमेरिकेच्या कैसर कंपनीच्या ॲल्युमिनियम कारखान्याला मिळाली. देशात बॉक्साईट असूनही कारखाना कच्चा माल बाहेरून आणीत राहिला. शाहूवाडीच्या पठारांवरही बॉक्साईट आहे. तेथील जनतेने हे ध्यानी ठेवावे.

‘मग तरुणांनी मुंबईचीच वाट धरायची काय?’ हा प्रश्न रास्त आहे. परंतु रोजगाराची निकड दाखवून गुलामीच्या अटी गळी उतरविणे हा विकास नव्हे. भांडवल यावे, पण करार सहीपूर्वी मराठीत लोकांसमोर यावा, नफ्याला सरकारी हमी नसावी, रोजगाराचे बंधन लेखी असावे आणि जमिनीचा निर्णय ग्रामसभेविना होऊ नये. कार्यकर्त्यांनी या चार मागण्या गावोगाव न्याव्यात. ज्या भांडवलाला या अटी जाचक वाटतील, ते गुंतवणुकीसाठी नव्हे, लुटीसाठीच येत होते असे खुशाल समजावे.